मेंदूतला अ‍ॅन्युरिझम आणि प्राण्यांवरचे प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नोकरीची बहुतेक वर्षं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल करण्यात गेली आणि संस्थांच्या प्राणी नैतिकता समित्यांवर पशुवैद्य सदस्य म्हणून कामही केलं. इंदूरच्या मराठी मंडळींत या विषयावर बोलायला लागल्यापासून प्रश्न येतच असतात. कुणाच्या घरी पेशंट असतो, कुणाची लेक फिजिऑलॉजीत एमडी करत असते, कुणाचा जीव त्या सशांसाठी तुटतो. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आपल्याला हवा तो प्रश्न शोधून वाचलात तरी चालेल. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या न्यूरोसर्जनशी बोलूनच घ्यायचा.

१. अ‍ॅन्युरिझम म्हणजे मेंदूतली गाठ का? कॅन्सरसारखं काही?

नाही. ही गाठ नव्हे आणि कॅन्सरशी तिचा संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तशी बाहेर येते. बहुतेक अ‍ॅन्युरिझम मेंदूच्या तळाशी, धमनीला जिथे फाटे फुटतात तिथे होतात, कारण रक्ताचा झोत तिथेच भिंतीवर आदळतो. प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांत असा फुगवटा असतो. त्यातले बहुतेक कधीच फुटत नाहीत आणि कित्येकांना तो असल्याचं आयुष्यभर कळतही नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्तस्राव होतो, आणि त्यात जिवावर बेततं.

२. माणसांवर इतकी ऑपरेशनं होतात, मग प्राण्यांवर अभ्यास कशाला?

माणसातला फुगवटा आपल्याला दिसतो तेव्हा तो आधीच तयार झालेला असतो. तो सुरू कसा झाला, पहिल्या आठवड्यात भिंतीत काय बदललं, कोणत्या पेशी आधी आल्या, हे माणसात बघायची सोय नाही. ऑपरेशनच्या वेळी हाती लागतो तो भिंतीचा एक छोटासा तुकडा, तोही शेवटच्या टप्प्यातला.

दुसरं कारण उपकरणांचं. धमनीत कायम राहणारी धातूची जाळी किंवा कॉइल (फुगवट्यात भरायची बारीक तारेची गुंडाळी) माणसात घालण्यापूर्वी ती जिवंत रक्तवाहिनीत कशी वागते हे पाहावंच लागतं. रक्त तिच्यावर गोठतं का, शेजारच्या बारीक फांद्या बंद पडतात का, सहा महिन्यांनी तिच्यावर पेशींचं अस्तर येतं का, या प्रश्नांची उत्तरं नळीत रंगीत पाणी सोडून मिळत नाहीत.

३. प्राण्यांना हा आजार आपणहून होत नाही का? तेच प्राणी अभ्यासले तर?

मेंदूतल्या धमनीचा असा फुगवटा प्राण्यांत आपणहून होणं फारच दुर्मीळ आहे. म्हणून तो मुद्दाम घडवावा लागतो, आणि या विषयातल्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात. घडवलेला फुगवटा खऱ्यासारखा दिसतो, पण त्याचा इतिहास वेगळा असतो. माणसात तो वर्षानुवर्षं रक्तदाब, धूम्रपान, आनुवंशिकता यांच्या ओझ्याखाली तयार होतो, तर सशात तीन आठवड्यांत.

४. कोणकोणते प्राणी वापरतात? सर्वांत चांगला कोणता?

मुख्यतः उंदीर, ससे, डुकरं आणि कुत्रे. माकडं क्वचित. ‘सर्वांत चांगला कोणता’ याला उत्तर नाही, आणि कुणी देत असेल तर सावध राहा. फुगवटा का होतो आणि का फुटतो हे विचारायचं असेल तर उंदीर. उपकरण तपासायचं असेल तर ससा, कधी कुत्रा किंवा डुक्कर. उंदराच्या मेंदूतल्या धमनीची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांश भागाइतकी असते, त्यात माणसासाठी बनवलेली कॉइल जाणारच नाही. उलट सशाच्या मानेतला फुगवटा सहसा आपणहून फुटत नाही, म्हणून फुटण्याचं कारण त्याला विचारून उपयोग नाही. ज्या प्राण्याकडे ज्या प्रश्नाचं उत्तर नाही, तो प्रश्न त्याला विचारणं म्हणजे त्याचा जीव फुकट घालवणं. समितीपुढे आलेल्या प्रस्तावांत मी आधी हेच पाहत असे.

५. सशात अ‍ॅन्युरिझम नेमका कसा तयार करतात?

साधारण ३ ते ४ किलो वजनाचा न्यूझीलंड व्हाइट जातीचा पांढरा ससा घेतात. पूर्ण भूल देऊन मानेत छोटा छेद घेतात आणि उजवी कॅरोटिड धमनी (डोक्याकडे रक्त नेणारी मानेतली मोठी धमनी) उघडी करतात. वरच्या बाजूने एक बारीक नळी उलट दिशेला, हृदयाकडे सरकवतात आणि धमनी जिथून निघते तिथे इवलासा फुगा फुगवून रक्त अडवतात. आता धमनीचा एक तुकडा दोन्हीकडून बंद झाला. त्यात डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं इलास्टेज हे विकर (एन्झाइम) भरून सुमारे २० मिनिटं ठेवतात. ते भिंतीतले लवचिक तंतू खाऊन टाकतं. मग फुगा काढून घेतात आणि धमनी वरच्या बाजूला बांधून टाकतात. उरलेला मऊ पडलेला तुकडा रक्ताच्या दाबाखाली फुगतो आणि सुमारे तीन आठवड्यांत पिशवी तयार होते. हे तंत्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळलं.

याचा फायदा असा की पिशवीत टाके नसतात, तिचा आकार माणसातल्या फुगवट्याच्या जवळ जाणारा म्हणजे काही मिलिमीटर असतो, ती वाकलेल्या धमनीवर बसलेली असते आणि बराच काळ आपणहून बंद होत नाही. सशाची रक्त गोठण्याची पद्धतही माणसाच्या बरीच जवळ आहे. फुगा कुठे फुगवला आणि धमनी कुठे बांधली, यावर पिशवी लहान की मोठी हे थोडंफार ठरवता येतं. नंतर ती किती मोठी झाली हे बघायला पुन्हा छेद लागत नाही. कानाच्या शिरेतून रंगद्रव्य सोडून अँजिओग्राफी होते.

धोकाही ठाऊक असावा. काही सशांत उजव्या कॅरोटिडच्या उगमाजवळून श्वासनलिकेकडे जाणारी बारीक धमनी निघते. इलास्टेज त्यात शिरलं तर श्वासनलिकेच्या ऊती मरतात आणि ससा दगावतो. विकर सोडण्यापूर्वी अँजिओग्राफीत ही फांदी शोधायलाच हवी. प्रस्तावात याचा उल्लेख दिसला की प्रस्ताव लिहिणाऱ्याने वाचन केलंय याची मला खात्री पटायची.

६. उंदरात तर मेंदूतच अ‍ॅन्युरिझम होतो म्हणतात. ते कसं?

याची सुरुवात जपानमध्ये झाली. क्योतोच्या नोबुओ हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मोठ्या उंदरांत (रॅट) एका बाजूची कॅरोटिड बांधली, रक्तदाब वाढवला आणि बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल नावाचा पदार्थ दिला. हा पदार्थ कोलॅजन आणि इलास्टिनच्या धाग्यांना एकमेकांशी जखडणारं विकर बंद पाडतो, त्यामुळे भिंत दुबळी होते. तो स्वीट पी या फुलझाडातून सापडला. आपल्या मध्य प्रदेशात ज्याने माणसं लंगडी झाली त्या तिवड्याच्याच (लाख डाळीच्या) कुळातलं हे झाड, पण तिवड्यातलं विष वेगळं. दोन्हींची गल्लत करू नये.

पुढे २००९ मध्ये छोट्या उंदरांतली (माउस) पद्धत आली. मेंदूच्या तळाच्या द्रवात इलास्टेजचं एकच इंजेक्शन आणि जोडीला रक्तदाब वाढवणं. काही आठवड्यांत फुगवटे येतात, आणि पुढच्या सुधारित पद्धतीत त्यांतले बरेच फुटतातही. मग प्रश्न विचारता येतो की फुटणं थांबवता येईल का. याच पद्धतीत रक्तदाब उतरवल्यावर फुटण्याचं प्रमाण घटलं. मॅक्रोफेज या संरक्षक पेशी कमी केल्यावर फुगवटे कमी झाले. ही भिंत नुसती ताणून पातळ झालेली नसून तिथे दाह चाललेला असतो, हे आज आपण खात्रीने म्हणतो ते मोठ्या प्रमाणात या उंदरांमुळे.

७. डुकराची रक्तवाहिनी माणसासारखी असते ना? मग डुक्करच का नाही वापरत?

वापरलं, पुष्कळ वापरलं. डॉक्टर गुग्लिएल्मींनी शोधलेल्या, जागेवर बसली की ढकलणाऱ्या तारेपासून सुटणाऱ्या कॉइलचे सुरुवातीचे प्रयोग डुकरांवरच झाले. त्याआधी, १९५४ मध्ये, जर्मन आणि ब्लॅक अशा आडनावांच्या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मानेतल्या शिरेचा तुकडा कापून कॅरोटिडच्या बाजूला पिशवीसारखा शिवला होता. डुकरातलं मॉडेलही (म्हणजे प्राण्यात मुद्दाम घडवलेला आजार) त्याच धर्तीवरचं.

पण डुक्कर फार लवकर बरं होतं. त्याच्या पिशवीतली गुठळी झपाट्याने घट्ट होते आणि काही आठवड्यांत उपचार न केलेली पिशवीसुद्धा आपणहून बंद होऊ शकते. अशा प्राण्यात कुठलीही कॉइल छान काम करताना दिसणार. गुठळी लवकर पक्की व्हावी म्हणून विरघळणाऱ्या पॉलिमरचा लेप दिलेल्या कॉइल निघाल्या. डुकरांत त्यांचे निकाल उत्साहवर्धक होते. माणसांवरच्या तुलनात्मक चाचण्यांत मात्र साध्या प्लॅटिनम कॉइलपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. प्राण्यावरच्या प्रयोगाचं उत्तर चुकीचं नव्हतं, प्राण्याची निवड प्रश्नाला साजेशी नव्हती.

कुत्र्यात उलटं. तिथे पिशवी दीर्घकाळ उघडी राहते आणि कॉइल घातल्यावर माणसासारखी पुन्हा उघडतेही. म्हणजे उपचाराची कडक परीक्षा कुत्र्यात होते. पण कुत्र्यावर प्रयोगाची परवानगी सहज मिळत नाही आणि मिळूही नये (प्रश्न ११).

आकाराचाही मुद्दा आहे. सरळ धमनीच्या बाजूला शिवलेल्या पिशवीत रक्त वळसा घेऊन शिरतं. दोन फांद्यांच्या बेचक्यातल्या पिशवीवर झोत थेट आदळतो. माणसात दुसरा प्रकार जास्त, आणि उपचाराला तोच अवघड. प्रयोगाचा निकाल वाचताना पिशवी कुठे होती हे आधी बघा.

८. कॉइल आणि फ्लो डायव्हर्टर प्राण्यांपासून माणसांपर्यंत कसे आले?

कॉइल माणसात पहिल्यांदा १९९० मध्ये वापरली गेली. त्याआधी उपाय मुख्यतः एकच, कवटी उघडून फुगवट्याच्या अरुंद तोंडाला क्लिप लावणे. अमेरिकन न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये सुरू केलेला. दोघांची तुलना करणारी आयसॅट ही मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमच्या २,१४३ पेशंटांच्या या चाचणीत, वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबन कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होतं.

फ्लो डायव्हर्टर म्हणजे दाट विणीची धातूची जाळी. ती फुगवट्यात घालत नाहीत, मूळ धमनीत फुगवट्याच्या तोंडावरून बसवतात. आत शिरणारा झोत मंदावतो, फुगवटा गोठतो. इथे सशांनी मोठं काम केलं. एक प्रश्न होता की फुगवटा बंद होईल का. दुसरा त्याहून नाजूक, जाळी ज्या निरोगी फांद्यांच्या तोंडावर येईल त्या बंद पडतील का? माणसात तशी फांदी डोळ्याची किंवा मेंदूच्या खोल भागाची असू शकते. म्हणून सशाच्या पोटातल्या महाधमनीत, कमरेकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांच्या तोंडावर जाळी बसवून पाहिली. फुगवटे बंद झाले आणि फांद्या उघड्या राहिल्या, कारण त्या पुढे रक्त ओढून घेत असतात. अमेरिकेत पाइपलाइन या जाळीला २०११ मध्ये मान्यता मिळाली.

ससा जिथे कमी पडला तेही सांगते. सशात जाळीवर अस्तर लवकर येतं, माणसात हळू. म्हणून पेशंटला रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं कित्येक महिने घ्यावी लागतात, ती मनाने बंद करू नयेत. आणि मोठ्या फुगवट्यांत जाळी बसवल्यावर काही दिवसांनी फुटण्याचे जे प्रकार माणसांत दिसले, त्याची पूर्वसूचना सशांनी दिली नव्हती. देणं शक्यही नव्हतं (प्रश्न ४).

९. सासूबाईंना ४ मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम निघालाय. उंदरांवर अ‍ॅस्पिरिनने फुटणं कमी झालं असं वाचलं. सुरू करू का?

स्वतःहून नाही. उंदरांत तसं दिसलं आहे आणि माणसांच्या नोंदींतही त्या दिशेचे संकेत आहेत, पण नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आणि चाचणी या वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅस्पिरिनने दुसरीकडे रक्तस्राव होऊ शकतो. उलट, हृदयासाठी डॉक्टरांनी ती आधीच दिली असेल तर हे वाचून बंदही करू नका, त्यांना विचारा.

लहान फुगवट्याचं काय करायचं हे फक्त मिलिमीटरवर ठरत नाही. वय, रक्तदाब, फुगवट्याची जागा, आधी कधी दुसरा फुटला होता का, हे सगळं डॉक्टर मोजतात. घरात कुणी तंबाखू ओढत असेल तर ती सोडणं आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, या दोन गोष्टींसाठी कुठल्याही नव्या शोधाची वाट बघायची गरज नाही. आणि क्षणात येणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी झाली, सोबत उलटी, मान आखडणं किंवा शुद्ध हरपणं असेल, तर बाम चोळत बसू नका. रात्र असली तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट न्या.

१०. फुटल्यानंतरच्या उपचारांचा अभ्यासही प्राण्यांवर होतो का?

होतो, पण ती मॉडेलं वेगळी. तिथे फुगवटा तयार करत नाहीत. मेंदूभोवती प्राण्याचंच रक्त सोडतात किंवा आतून धमनीला छिद्र पाडतात आणि नंतरचे दिवस पाहतात. फुटल्यावर काही दिवसांनी मेंदूच्या धमन्या आवळतात, त्यावरची औषधं अशी तपासली जातात. क्लॅझोसेंटान या औषधाने प्राण्यांत आणि माणसांतही धमन्यांचं आवळणं कमी झालं, तरी मोठ्या चाचण्यांत पेशंटची अंतिम स्थिती अपेक्षेइतकी सुधारली नाही. याउलट १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत निमोडिपिन या औषधाने पेशंटांचे निकाल सुधारले आणि ते आजही २१ दिवस देतात. धमनी किती आवळली आणि माणूस घरी चालत गेला का, या दोन मोजमापांत अंतर आहे.

११. भारतात परवानगी कोण देतं? भटका कुत्रा किंवा बाजारातला ससा वापरता येतो का?

बाजारातून किंवा रस्त्यावरून प्राणी उचलता येत नाही. प्राणी नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच घ्यावा लागतो. कायद्याचा पाया १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे पैदास व प्रयोगांबाबतचे नियम. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते आणि तिच्यावर संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर पशुवैद्य, बाहेरचा शास्त्रज्ञ, समाजातला जाणता प्रतिनिधी आणि केंद्राने नेमलेला सदस्य असतात. उंदीर, ससे अशा लहान प्राण्यांचे प्रस्ताव ही समिती मंजूर करू शकते. कुत्रा, माकड यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्राकडेच जावं लागतं. लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा वापरू नये, हे कायद्यातच लिहिलं आहे.

१२. त्या सशाला दुखत नाही का? खरं सांगा.

ऑपरेशनच्या वेळी नाही, ते पूर्ण भुलेत होतं. नंतर दुखतं, आणि ते दुखणं ओळखून थांबवणं हे पशुवैद्याचं काम. ससा ओरडत नाही. भक्ष्य होणारा प्राणी दुखणं लपवतो, म्हणून नवख्या माणसाला तो ‘शांत बसलाय’ असं वाटतं. आम्ही चेहरा बघतो. डोळे अर्धे मिटलेले, गाल आत ओढलेले, नाकपुड्यांचा आकार बदललेला, मिशा ताणलेल्या, कान मागे चिकटलेले. या खुणांना गुण द्यायची पद्धत आहे. पिंजऱ्याखालच्या लेंड्या बघतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या कमी आणि बारीक झाल्या, हिरवा चारा तसाच पडून राहिला, तर वेदनाशामक अपुरं पडतंय. आतडं थांबलं की ससा त्यानेच मरू शकतो. सशाला उलटी होत नाही, म्हणून भुलेआधी माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवायचीही गरज नसते. एवढी साधी गोष्ट माहीत नसलेल्याने सशावर काम करू नये, असं माझं ठाम मत आहे.

उंदीर मॉडेलमध्ये प्रश्न जास्त अवघड. फुगवटा फुटणं हाच तिथे निकाल असतो. म्हणून रोज वजन आणि चाल पाहून, पहिली लक्षणं दिसताच प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, तो आपणहून मरेपर्यंत थांबायचं नाही, हे प्रस्तावात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे.

१३. नर घ्यावेत की माद्या?

हा प्रश्न फार थोडे विद्यार्थी विचारतात, म्हणून इथे मुद्दाम घेतला. हा आजार बायकांत जास्त, विशेषतः पाळी गेल्यानंतर. अंडाशय काढलेल्या माद्यांत फुगवट्यांचं प्रमाण वाढतं आणि इस्ट्रोजेन दिल्यावर घटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. तरीही बरेच प्रयोग फक्त तरुण नरांवर होत आले. प्रश्न फुटण्याचा असेल तर दोन्ही घ्या, नाहीतर का नाही हे लिहा.

१४. उपचार न केलेल्या गटातला फुगवटाच आपोआप बंद झाला, तर तो प्राणी हिशेबातून काढायचा का?

नाही. तो मॉडेलचा गुणधर्म आहे आणि तो लपवला की डुकरांच्या बाबतीत झालं तेच पुन्हा होईल (प्रश्न ७). कोणता प्राणी कोणत्या निकषावर वगळायचा हे प्रयोगाआधी ठरवून लिहा, प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकून वाटा आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या तपासणाऱ्याला गट कळू देऊ नका. अँजिओग्राफीत बंद दिसलेल्या पिशवीत सूक्ष्मदर्शकाखाली मोकळी जागा सापडू शकते, म्हणून दोन्ही निकाल वेगवेगळे मांडा.

१५. संगणक आणि सिलिकॉनची मॉडेलं आली आहेत. प्राणी पूर्ण बंद करता येतील का?

बऱ्याच ठिकाणी करता येतात आणि करावेत. पेशंटच्या स्कॅनवरून छापलेल्या सिलिकॉनच्या धमन्यांत कॉइल घालायचा सराव होतो. रक्ताचा झोत भिंतीला किती घासतो हे संगणकावर काढता येतं. शिकाऊ सर्जन बारीक टाके कोंबडीच्या पंखातल्या धमनीवर शिकू शकतात, आणि क्लिप लावायचा सराव प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेच्या रक्तवाहिन्यांवरही करतात. केवळ हात बसावा म्हणून जिवंत प्राणी मागणारा प्रस्ताव मला पटत नाही. नियमही त्या दिशेने सरकत आहेत. अमेरिकेने २०२२ मध्ये आणि भारताने २०२३ मध्ये औषधांच्या तपासणीत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली.

पण गोठणं, दाह आणि अस्तर चढणं या तिन्ही गोष्टी एकत्र, महिनोन्‌महिने घडताना दाखवेल असं सिलिकॉन अजून नाही. दुसरीही एक मर्यादा लक्षात ठेवा. मेंदूतल्या धमन्यांना बाहेरचा लवचिक थर नसतो आणि त्या द्रवात तरंगत असतात. सशाची पिशवी मानेच्या ऊतींनी वेढलेली असते. ही उणीव प्राण्यांतही आहे, म्हणून हल्ली एकाच प्रश्नासाठी संगणक, सिलिकॉन आणि थोडे प्राणी अशी जोड देतात.

१६. प्रयोग संपल्यावर प्राण्याचं काय होतं? दत्तक घेता येईल?

या विषयातल्या बहुतेक प्राण्यांना शेवटी भूल देऊन मारावंच लागतं, कारण भिंत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. इलास्टेज दिलेला किंवा जाळी बसवलेला ससा घरी देणं योग्यही नाही. त्याला पुढेही औषध आणि देखरेख लागेल. पुनर्वसनाचा विचार करणं मात्र आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि राखीव म्हणून आणलेले पण न वापरलेले निरोगी ससे तसे देता येतात. त्यासाठी संस्थेच्या समितीकडे लेखी विचारणा करावी. घरी नेणार असाल तर सशाला पानांपेक्षा सुकं गवत जास्त लागतं, जाळीच्या तळाने त्याचे पाय सोलवटतात, आणि त्याने एक दिवस खाणं सोडलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यायचं.